मराठीत आपलीच अक्षरसंख्या सांगणारा आकडा कोणता?

माळावरचा_मास्तर (खानापूर)

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या पोरांना इंग्रजी आकड्यांची स्पेलिंगं पक्की व्हावीत म्हणून मी वर्गात एक खेळ घेतो. कुठलाही आकडा इंग्रजीत लिहायचा, त्याची अक्षरं मोजायची, आलेलं उत्तर पुन्हा इंग्रजीत लिहायचं आणि पुन्हा मोजायचं. थर्टीनमध्ये अक्षरं आठ. एटमध्ये पाच. फाइव्हमध्ये चार. फोरमध्ये चारच. मग पुढं फोर, फोर, फोर. लाखापासून सुरू करा नाहीतर शून्यापासून, शेवट फोरवरच. इंग्रजीत स्वतःची अक्षरं खरी सांगणारा आकडा हा एकटाच. जर्मनमध्येही चारच येतो, इटालियनमध्ये ‘त्रे’ म्हणजे तीन, स्पॅनिशमध्ये ‘सिंको’ म्हणजे पाच.

एका मुलीनं विचारलं, “सर, मराठीत कुठं थांबतं?” फळ्यावर मांडायला घेतलं तर पहिल्याच पायरीला प्रश्न आला: मराठीत मोजायचं काय? ‘दोन’ची अक्षरं किती म्हणायची? काना-मात्रा वेगळी धरायची का? जाणकारांनी सांगावं. तिला नीट उत्तर द्यायचं आहे.

वारकरी_येळ्ळूर

मास्तर, मोजायचं काय ते आपल्याकडं केव्हाच ठरलंय. अभंगात मोजतात तसं मोजा. मोठ्या अभंगाला चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार. जोडाक्षर एकच धरायचं. काना, मात्रा, वेलांटी ज्या अक्षराला लागली त्याच्याच खात्यात.

तसं मोजलं तर ‘दोन’ म्हणजे दो आणि न. दोनच. तुमच्या पोरीचं उत्तर ‘दोन’.

कडोलीची_लेक

वारकरीकाका, मी पुढं मोजत गेले आणि थक्क झाले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, सगळे दोन अक्षरी! शून्यसुद्धा. आयुष्यभर हे आकडे तोंडात आहेत आणि हे कधी दिसलं नाही.

तंबाखूवाला_निपाणी

मी पण मोजलो. बरोबर येतंय की! अकराला मोडतंय.

गणितवेडा_चिकोडी

कडोलीताईंनी जे पाहिलं ते फार कामाचं आहे, कारण त्यामुळं उत्तर सिद्धच होतं. शंभराच्या आत सगळ्यात लांब आकडे सहा अक्षरी: एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर, एकोणनव्वद. म्हणजे शंभराच्या आतला कुठलाही आकडा घ्या, पहिल्या पायरीला उत्तर दोन ते सहाच्या मध्ये. आणि दोन ते सहा सगळे दोन अक्षरी. म्हणून जास्तीत जास्त दोन पायऱ्यांत आपण ‘दोन’वर. नऊशे नव्याण्णवपर्यंतही दोनच पायऱ्या पुरतात, कारण ‘नऊशे’सारख्या शब्दांची तीन अक्षरं आणि पुढची फार तर सहा, मिळून नऊच्या वर जात नाही.

तीन पायऱ्या लागणारा पहिला आकडा १०३९. एक हजार एकोणचाळीस: अकरा अक्षरं. अकरा: तीन. तीन: दोन.

हे बघताना देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) आठवल्याशिवाय राहत नाहीत. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा, तेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. पुढं ६१७४च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्या. मास्तर, तुमच्या वर्गात हेही घ्या. शाळामास्तरानं जगाला दिलेली संख्या आहे, आपल्या पोरांना ठाऊक हवी.

माळावरचा_मास्तर (खानापूर)

कापरेकर घेतोच. पण गणितवेडा, मला अजून खटकतं. इंग्रजीत एफ, ओ, यू, आर सगळी सुटी मोजतात, स्वरसुद्धा. आपण ‘दो’ला एकच धरतो. मग तुलना सारखी कशी?

व्याकरणवाली_अक्का (टिळकवाडी)

मास्तर, खटकतंय ते योग्यच आहे. अक्षर आणि वर्ण या दोन गोष्टी आहेत. मी मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि वर्णविग्रह हा माझा आवडता भाग. ‘दोन’चा विग्रह द् + ओ + न् + अ. चार वर्ण. ‘एक’ म्हणजे ए + क् + अ, तीन वर्ण. ‘तीन’ म्हणजे त् + ई + न् + अ, चार. आणि ‘चार’ म्हणजे च् + आ + र् + अ. चार!

वर्णांच्या हिशेबानं मराठीही इंग्रजीसारखीच ‘चार’वर येते. आठ आणि नऊ तीन-तीन वर्णांचे, तिथून तीनवर, तीनवरून चारवर. शून्य पाच वर्णांचं, पाच चार वर्णांचा. पंधरात अनुस्वार वेगळा धरला तर सात, सातात चार. एकोणचाळीसमध्ये अकरा वर्ण, अकरात पाच, पाचात चार. मी शंभरापर्यंत वहीत मांडून पाहिलं. चारशिवाय दुसरा कुणी स्वतःची संख्या सांगत नाही.

कडोलीची_लेक

म्हणजे आता दोन की चार?

निपाणीकर_बेंगळुरात

तीन. 🙂

गंमत नाही करत. कामाच्या मशीनवर ‘दोन’ या शब्दाची लांबी विचारली, उत्तर आलं ३. कंप्युटर द, ओकाराची खूण आणि न अशा तीन गोष्टी साठवतो. न मधला अ वेगळा साठवत नाही. ‘तीन’ची लांबीही तीन. एक, आठ, नऊ यांची दोन, आणि दोनची तीन. छोटा प्रोग्राम लिहून एक कोटीपर्यंत चालवला, सगळे आकडे तीनवर येऊन थांबले.

व्याकरणवाली_अक्का (टिळकवाडी)

बाळा, कंप्युटरनं अ टाकला म्हणून तो जात नाही. न पूर्ण आहे, त्याचा पाय मोडलेला नाही. लिहिताना तो अ तिथं आहेच.

तंबाखूवाला_निपाणी

अक्का, लिहिताना हाय. पण बोलताना कुठं हाय? आमी ‘चार्’ म्हणतो, ‘तीन्’ म्हणतो. शेवटचा अ कोण म्हणतंय? तोंडातनं निघतंय ते मोजा की.

गणितवेडा_चिकोडी

तंबाखूवाले, फार मोलाचं बोललात. शेवटचा न बोलला जाणारा अ काढला तर तीन म्हणजे त्, ई, न्, तीन ध्वनी. चारात तीन, पाचात तीन, सातात तीन. सहा आणि दहात शेवटी आ असल्यामुळं चार. एक आणि आठात दोन. नऊत तीन. सगळे तीनवर. कंप्युटरवाल्यांचं उत्तरही तीन आलं, पण वेगळ्या कारणानं: तो ‘सहा’चे तीन मोजतो, आपण चार ऐकतो.

लेझीम_सर (उचगाव)

मंडळी, माझं ऐका. मी शाळेत लेझीम शिकवतो. मुलं नवीन असली की हलगीच्या आधी आकड्यांवर पावलं बसवून घेतो: एक, दोन, तीन, चार. हे आकडे पावलाला इतके चपखल का बसतात ते आज तुमच्यामुळं कळलं. नुसती अक्षरं सारखी नाहीत, मात्रासुद्धा सारख्या आहेत. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीच्या ऱ्हस्वाचीही दोन. एक: दोन आणि एक, तीन. दोन, तीन, चार, पाच: तीन. सहा: एक आणि दोन, तीन. नऊ, दहा: तीन. शून्यसुद्धा तीन. एकही सुटत नाही.

आणि ‘अकरा’ म्हटलं की मात्रा चार होतात, पाऊल अडखळतं. म्हणून तर मी दहाच्या पुढं कधी मोजत नाही, पुन्हा एकवर येतो. आजवर ते नुसतं हाताला माहीत होतं.

गणितवेडा_चिकोडी

वा सर! म्हणजे मात्रांनी मोजलं तरी ‘तीन’. शंभराच्या आत सगळ्यात जास्त मात्रा एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांच्या, दहा-दहा. दहाच्या तीन. संपलं.

अक्षरं मोजली तर दोन, कागदावरचे वर्ण मोजले तर चार, कान, टाळ किंवा कंप्युटर मोजला तर तीन.

धान्यकोठार (हुक्केरी)

या सगळ्यात आमची रास राहिली. जोंधळ्याची रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. वडील शेर भरून काठावरनं हात फिरवत, सपाट करत, पोत्यात ओतत आणि मोठ्यानं म्हणत, “लाभ… लाभ… दोन… दोन…” दुसरं माप भरेपर्यंत तोच शब्द तोंडात घोळवायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. आता बघतोय तर ‘लाभ’सुद्धा दोन अक्षरी, तीन मात्रांचा! ‘एक’च्या जागी आला आणि लय जराही हलली नाही.

वारकरी_येळ्ळूर

धान्यकोठार, डोळ्यांपुढं खळं उभं केलंत. आमच्याकडंही लाभच म्हणायचे.

गोकाक_नाक्यावरचा

थोडं वेगळं सांगतो. आमचं किराणा दुकान. आई मराठी, वडील कन्नड, दोन्ही भाषांत गल्ला चालतो. धागा वाचून कन्नडमध्ये मोजून बघितलो. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. एरडु आणि ओंबत्तु तीन अक्षरी, बाकी सगळे दोन.

आता बघा काय होतंय. नाल्कु: दोन अक्षरं. दोन म्हणजे एरडु: तीन अक्षरं. तीन म्हणजे मूरु: दोन अक्षरं. पुन्हा एरडु. पुन्हा मूरु. एरडु, मूरु, एरडु, मूरु… थांबतच नाही! कन्नडमध्ये स्वतःची अक्षरं सांगणारा आकडाच नाही, दोघे एकमेकांकडं बोट दाखवतात. मोठे आकडेही घेतलो, हन्नेरडु (बारा) चार अक्षरी, तिथनं नाल्कु, आणि परत त्याच फेऱ्यात.

माळावरचा_मास्तर (खानापूर)

गोकाकवाले, हे तर सोनं आहे. माझ्या वर्गात निम्मी पोरं घरी कन्नडही बोलतात. त्यांना हे लगेच करून बघता येईल.

सीमाभागी

यावरून स्पष्ट दिसतं की मराठी एका जागी ठाम राहते आणि

*(या प्रतिसादाचा उरलेला भाग संपादकांनी काढला आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत. — संपादक)*

गोकाक_नाक्यावरचा

दादा, इथं एवढं नको. एरडु-मूरुचा फेरा मला फार देखणा वाटला म्हणून लिहिलो.

शहापूर_पेठ

एवढंच सांगतो, कुणाच्याच बाजूनं नाही: १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर गावाचं नाव बदललं. बेळगाव, अक्षरं चार. बेळगावी, अक्षरं चार. 😄

सीमाभागी

शहापूरकर, हे मान्य.

दूधसागर_वाट

खानापूरच्या खाली, गोव्याच्या कोकणीत सहाला ‘स’ म्हणतात आणि दहाला ‘धा’. दोन्ही एकाक्षरी. एक म्हणजे दोन अक्षरं, मग दोन. तिथंही शेवट दोनवरच.

निपाणीकर_बेंगळुरात

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी. नील स्लोन यांनी १९६४ पासून संख्यांच्या मालिका गोळा करायला सुरुवात केली, १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि १९९६ पासून तो संग्रह इंटरनेटवर आहे. त्यात इंग्रजी आकड्यांची अक्षरसंख्या ही रीतसर मालिका आहे, क्रमांक ए००५५८९: शून्यापासून ४, ३, ३, ५, ४, ४, ३, ५, ५, ४, ३… मराठी अक्षरांची केली तर सुरुवात अशी: अकरा वेळा २, मग ३, २, २, २, ३, २, ३, ३, ४, २ (हे झाले वीसपर्यंत).

त्याच संग्रहात ‘ई’ हे अक्षर नसलेल्या इंग्रजी आकड्यांची मालिका आहे: २, ४, ६, ३०, ३२… तिच्यात विषम संख्या एकही नाही, कारण वन, थ्री, फाइव्ह, सेव्हन, नाइन सगळ्यांत ई आहे.

कडोलीची_लेक

मग आपण ‘ळ’ची करू! शंभराच्या आत ळ असलेले: सोळा, मग एकोणचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत सगळे. एकूण अकरा. आणि ‘ज’ पहिल्यांदा येतो तो हजारात, ‘ल’ आणि ‘ख’ दोघे एकदमच येतात, लाखात.

जादूचा_चौरस

ली सॅलोज यांनी १९८६ साली असा जादूचा चौरस मांडला की आकड्यांची बेरीजही सगळीकडून सारखी आणि इंग्रजी शब्दांच्या अक्षरांची बेरीजही. ५, २२, १८. २८, १५, २. १२, ८, २५. बेरीज ४५. अक्षरं ४, ९, ८. ११, ७, ३. ६, ५, १०. बेरीज २१. फार कष्टाचं काम आहे.

मराठीत मात्र आपला नेहमीचा १ ते ९ चा चौरस घ्या: ४, ९, २, ३, ५, ७, ८, १, ६. प्रत्येक शब्द दोन अक्षरी, म्हणून अक्षरांची बेरीज सगळीकडून सहा. आयताच तयार.

व्याकरणवाली_अक्का (टिळकवाडी)

आयता आहे म्हणून त्यात शोधण्याचा आनंद नाही. कठीण असं काही द्या.

कडोलीची_लेक

अक्का, हे घ्या. मी बनवलंय:

“या वाक्यात बारा अक्षरे आहेत.”

मोजा.

वारकरी_येळ्ळूर

या, वा, क्या, त, बा, रा, अ, क्ष, रे, आ, हे, त. बारा! वाक्य स्वतःबद्दल खरं बोलतंय. लेकी, जिंकलीस.

गणितवेडा_चिकोडी

कडोलीताई, हे वाक्य फार नेमकं आहे, कारण इथं दुसरा कुठलाच आकडा चालत नाही. बारा सोडून बाकी शब्दांची दहा अक्षरं. तेरा टाकला तर वाक्य बाराचंच राहतं. अकरा टाकला तर तेराचं होतं. फक्त बारा बसतो.

आता ‘बरोबर’ हा शब्द घाला. “या वाक्यात बरोबर सोळा अक्षरे आहेत.” खरं. “या वाक्यात बरोबर सतरा अक्षरे आहेत.” हेही खरं! सोळाची अक्षरं दोन, सतराची तीन, म्हणून दोन्ही बसतात. एकाच साच्यात दोन खरी वाक्यं.

आणि ‘नेमकी’ घातला तर? “या वाक्यात नेमकी ___ अक्षरे आहेत.” पंधरा घाला, वाक्य सोळाचं होतं. सोळा घाला, पंधराचं होतं. सतरा घाला, पुन्हा सोळाचं. गोकाकच्या एरडु-मूरुसारखंच: पंधरा सोळाकडं धाडतो, सोळा पंधराकडं. उत्तरच नाही.

तंबाखूवाला_निपाणी

काय की बाबा, ‘नेमकी’ म्हटलं की नेमकं येतच नाही!

वारकरी_येळ्ळूर

वाक्यं झाली, आता अभंगाचा मान. चारही चरण स्वतःचं माप सांगतात:

सहा अक्षरांचे । पहिले चरण ।
तिन्हींचे प्रमाण । चौथे चार ॥

मोजून घ्यावं, सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही जुळलंय.

लेझीम_सर (उचगाव)

बुवा, टाळ घेऊन म्हणून बघितलं. चालीत चोख बसतं.

व्याकरणवाली_अक्का (टिळकवाडी)

वारकरीबुवा, सुरेख. ‘तिन्हीं’वरचा अनुस्वारही सोडला नाहीत.

कागवाडचा_पाहुणा

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली होती, त्यावर केवढा गदारोळ झाला. आपल्याकडच्या शाळांत कर्नाटकाची पुस्तकं, त्यामुळं तो बदल इथं आला नाही. पण या धाग्याच्या दृष्टीनं बघितलं तर? एकवीस चार अक्षरी, वीस एकही चार अक्षरी. एकोणचाळीस सहा, तीस नऊ चार. त्रेसष्ट तीन, साठ तीन मात्र चार, म्हणजे इथं जुना शब्दच आटोपशीर.

माळावरचा_मास्तर (खानापूर)

कन्नड मुलं इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु असं सरळ मोजतात. माझ्या मराठी मुलांना एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळ होतो, हे रोज बघतो. म्हणून त्या पद्धतीला मी वाईट म्हणणार नाही. पण त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट हे शब्द मुलांच्या तोंडून गेले तर मला मनापासून वाईट वाटेल. दोन्ही शिकवावं. चर्चा मूळ विषयावर ठेवू.

निपाणीकर_बेंगळुरात

मूळ विषयावर. या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारी मालिका जे. के. अ‍ॅरन्सन यांच्या नावाची. एक इंग्रजी वाक्य आहे: “टी इज द फर्स्ट, फोर्थ, इलेव्हन्थ, सिक्स्टीन्थ…” म्हणजे ‘या वाक्यात टी हे अक्षर पहिलं, चौथं, अकरावं, सोळावं आहे’, आणि ते सांगताना आलेले नवे टी पुन्हा पुढं सांगायचे. मालिका १, ४, ११, १६, २४, २९, ३३, ३५, ३९… अशी चालत राहते. डग्लस हॉफस्टॅटर यांच्या १९८५ च्या पुस्तकामुळं ती सगळीकडं पोचली.

मराठीत असं जमेल का? मला वाटतं ‘वे’ हे अक्षर घ्यावं. पाचवे, सहावे, सातवे… पाचच्या पुढं सगळे वे-नं संपतात.

गणितवेडा_चिकोडी

प्रयत्न करतो. “वे पहिले, सातवे, दहावे, तेरावे, सोळावे, एकविसावे…” मोजा: वे पहिल्या जागी. प, हि, ले चारपर्यंत. सा, त, वे: सातव्या जागी वे. द, हा, वे: दहाव्या. ते, रा, वे: तेराव्या. सो, ळा, वे: सोळाव्या. ए, क, वि, सा, वे: एकविसाव्या. इथं अडतं. पुढचा शब्द बाविसाव्या जागी सुरू होतो आणि चोविसावे, पंचविसावे, सव्विसावे, एकही स्वतःच्या जागी संपत नाही. ‘सोळावे’ऐवजी ‘सतरावे’ घेतलं तरी थोडं पुढं जाऊन अडतं.

व्याकरणवाली_अक्का (टिळकवाडी)

‘दहावे’ऐवजी ‘अकरावे’ घ्या. आठव्या जागेपासून अ, क, रा, वे, म्हणजे अकराव्या जागी वे. मग:

वे पहिले, सातवे, अकरावे, चौदावे, अठरावे, बाविसावे, सव्विसावे, एकतिसावे, पस्तिसावे, एक्केचाळिसावे, सत्तेचाळिसावे…

सत्तेचाळीसपर्यंत बिनचूक; ‘सेहेचाळिसावे’ तिथं बसत नव्हतं. वीस-तीसचे ‘वि’ आणि ‘ति’ ऱ्हस्व लिहिलेत, सामान्यरूपात तसेच होतात. पुढं पन्नासावे, एक्कावन्नावे, बावन्नावे यातलं काही बसत नाही.

तंबाखूवाला_निपाणी

अक्का, सेहेचाळीस कोण म्हणतंय आमच्यात? आमी ‘शेचाळीस’ म्हणतो.

गणितवेडा_चिकोडी

तंबाखूवाले, थांबा थांबा! एक्केचाळिसावे एक्केचाळिसाव्या जागी संपलं. पुढं शे, चा, ळि, सा, वे: सेहेचाळिसाव्या, म्हणजे तुमच्या शेचाळिसाव्या जागी वे! मग प, न्ना, सा, वे: पन्नासाव्या. मग पं, चा, व, न्ना, वे: पंचावन्नाव्या. सत्तेचाळीसला अडलेली मालिका तुमच्या बोलीनं पंचावन्नपर्यंत गेली. त्यापुढं साठाच्या आसपास पुन्हा अडते.

व्याकरणवाली_अक्का (टिळकवाडी)

निपाणीकरांच्या शेचाळीसला माझी मान्यता. वहीत तसंच लिहून ठेवलं.

निपाणीकर_बेंगळुरात

प्रोग्रामला आता सगळ्या बोलींचे पर्याय देतो: शेचाळीस, सेहेचाळीस, तेहतीस, तेत्तीस. आपापल्या गावचे आकडे इथं लिहा. अथणी, संकेश्वर, खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्या, कुठंही वेगळा उच्चार असेल तर हवाच.

माळावरचा_मास्तर (खानापूर)

त्या मुलीला उत्तर दिलं. फळ्यावर तीन रकाने केले: अक्षरं, वर्ण, ध्वनी. तिनं दोन, चार, तीन असं स्वतः काढलं. कन्नड बोलणाऱ्या पोरांनी चौथा रकाना मागितला, आणि एरडु-मूरुच्या फेऱ्यावर वर्गभर गलका झाला. एरवी मागच्या बाकावरून न बोलणारा मुलगा उठून म्हणाला, “सर, नेमकीचं कोडं सुटतंय.” मी त्याला वहीत लिहून आणायला सांगितलंय. कुणाला आधी सुटलं असेल तर इथं लिहा, ताडून बघीन.

अथणीची_सून

मला सुटलं. स्वयंपाक करता करता बोटांवर मोजलं. एक ‘च’ लावायचा:

“या वाक्यात नेमकी सोळाच अक्षरे आहेत.”

गणितवेडा_चिकोडी

या, वा, क्या, त, ने, म, की, सो, ळा, च, अ, क्ष, रे, आ, हे, त. सोळा! आणि वहिनी, ‘सतराच’ घातलं तरी बसतंय.